कपाळाच्या मध्यावर थांबलेला कोळी

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी सात वाजून वीस मिनिटे. फाटकाशी भाच्याची गाडी थांबली आणि माझी थोरली बहीण तिच्यातून उतरली. तिच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग गेरूने माखलेला होता.

कपाळ, भुवई, पापणी, नाकाची उजवी बाजू. लाल माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून पाणी झिरपत होते. डोळ्याच्या जागी सूज होती व त्या सुजेत एक फट होती. फोनवर मला ‘जरासे फोड’ असे सांगण्यात आले होते. मी फाटकाची कडी हातात धरून उभा राहिलो. ती काढायची असते हे काही क्षण सुचले नाही.

अक्का ब्याऐंशी वर्षांची आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा डावा डोळा काचबिंदूने जाऊन बरीच वर्षे झाली. तिचे सगळे पाहणे उजव्या डोळ्यावर आहे. हे तिच्या घरात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे.

“बघत काय राहिलास?” ती म्हणाली. “आत घे. उजेड टोचतो.”

प्रकरण असे होते. दोन दिवसांपूर्वी दिंडोरीहून भाच्याचा फोन आला की आईवर कोळी मुतला आहे, तिला थोडे दिवस तुमच्याकडे ठेवतो. शब्द ग्राम्य आहे, परंतु आमच्याकडे या दुखण्याला दुसरा शब्द नाही. अंगावर एकाएकी फोड उठले आणि आग होऊ लागली की कोळी मुतला असे समजायचे. गेरूचे तीन लेप द्यायचे. तिसरा लेप सुकेपर्यंत पाणी लावायचे नाही, आणि सुई टोचून घ्यायची नाही, कारण सुईने विष अंगभर पसरते. बहिणीच्या सासरी आणखी एक रीत आहे. ज्या छपराखाली कोळी अंगावरून गेला, त्या छपराखाली फोड सुकेपर्यंत झोपायचे नाही. तोच कोळी माग काढत परत येतो म्हणतात. म्हणून पहिल्या रात्रीपासून तिची खाट द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये टाकली होती. थंडीत, ब्याऐंशीव्या वर्षी. मग शेडच्या पत्र्यालाही जाळी दिसली, आणि माझे घर आठवले.

माझ्या घरात मी एकटा राहतो. आदल्या दिवशी लांब दांड्याच्या झाडूने मी सगळी जळमटे काढली होती. भाच्याने तसे बजावले होते. पुष्कळ निघाली.

मी तिला बैठकीच्या खोलीत पडदा ओढून बसवले आणि हे कधी सुरू झाले ते विचारले.

“शुक्रवारी सकाळी. उशीवर कोळी हुता. चांगला लांब तंगड्यांचा. मग कपाळ चरचराया लागलं, अन् दुपारपर्यंत फोड.”

“त्याआधी काही होत होतं?”

“दोन दिस डोकं दुखत हुतं. ह्याच अंगानं. त्याचं काय.”

भाचा द्राक्षांची पेटी घेऊन आत आला. तो शेतीशास्त्राचा पदवीधर आहे. त्याची बाग नीटनेटकी असते, बोलणेही तसेच. त्याने पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली.

“मामा, काकूंनी तीन लेप सांगितलेत. दोन झाले. तिसरा आज दिवेलागणीला. तुळशीच्या रसात कालवायचा, पाण्यात नाही.”

काकू म्हणजे अक्काची धाकटी जाऊ. तिच्या हाताला गुण आहे, असा त्या गावात लौकिक आहे.

“डॉक्टरांना दाखवलं?”

“कोळ्याला डॉक्टर काय करणार? नागीण असती तर त्याच दिवशी नेलं असतं. नागिणीला आता आम्ही उतारेबितारे करत नाही.”

“ही नागीण नाही, कशावरून?”

जमीनमोजणीच्या खात्यात माझा सगळा जन्म हाच प्रश्न विचारण्यात गेला. हद्द इथून जाते, कशावरून?

“मामा, नागीण कमरेला असते,” तो म्हणाला. “वेढा घालते. तोंडावर कुठं नागीण असती का?”

“ऐक त्याचं,” अक्का म्हणाली. “शिकलेला हाय तो. तू नुसत्या मोजणीच्या साखळ्या ओढल्यास.”

उत्तर मला सयुक्तिक वाटले. आमच्या आईनेही हेच सांगितले असते. मी चहा ठेवला.

अक्का चहा बशीतून पिते. कप तिच्यासमोर ठेवला. तिने डाव्या हातात बशी धरली, उजव्या हाताने कप उचलला आणि ओतला. सगळा चहा बशीच्या कडेबाहेर टेबलावर गेला, टेबलावरून तिच्या लुगड्यावर ओघळला. लुगडे जाड होते, तिला चटका लगेच जाणवला नाही. तिने बशी तोंडाजवळ नेली आणि फुंकर घातली. बशी कोरडी होती.

ती फुंकर मी पाहिली, भाच्यानेही पाहिली. दोघांपैकी कोणी हलले नाही.

“अक्का,” मी म्हणालो, “बशीत काय आहे?”

“चहा.”

“बोट लाव.”

तिने बोट लावले. मग टेबलावर हात फिरवला. ओला हात पदराला पुसला आणि म्हणाली, “लेप गेला असंल डोळ्यात. सुकला की दिसंल.”

“गाडीची किल्ली कुठे आहे?” मी भाच्याला विचारले.

“मामा, एक लेप राहिलाय. आज संध्याकाळी पूर्ण होईल. उद्या बघू ना.”

“किल्ली.”

“मी सुई टोचून घेणार नाय,” अक्का म्हणाली. “आमच्या वस्तीवरची म्हातारी. असाच कोळी मुतलेला. सुई टोचली अन् आठ दिसांत गेली.”

“कशाने गेली?”

“सुईनंच. नायतर कशानं?”

“वय काय होतं?”

“असंल नव्वद.”

भाचा खिडकीकडे पाहू लागला.

“सुई टोचू देणार नाही,” मी म्हणालो. “फक्त डोळा दाखवायचा.”

“अन् जावंला काय सांगू? तिसऱ्या लेपाआधी पाणी लागलं की लावणारीचा हात जातो. पुन्हा गुण येत नाय त्या हाताला. तिच्याकडं बारा गावची माणसं येतात.”

“तिचा हात जाईल. तुझा डोळा गेला तर?”

ती वाकून जमीन चाचपू लागली.

“चप्पल कुठं काढली मी?” ती म्हणाली.

चप्पल तिच्या पायांतच होती.

तिच्या डाव्या डोळ्याचे उपचार जिथे झाले होते त्याच दवाखान्यात आम्ही गेलो. जुने डॉक्टर आता बसत नाहीत. एक तरुण बाई होत्या. त्यांनी चेहरा पाहिला आणि कुणालाही काही न विचारता कोमट पाण्यात कापूस भिजवायला सांगितला. गेरू पुसून काढायला वेळ लागला. मातीबरोबर खपल्या निघत होत्या. अक्काने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण तोंडातून आवाज काढला नाही.

माती निघाली आणि खालचे दिसले.

केसांच्या भांगापासून फोडांचा एक पट्टा कपाळावर उतरला होता. भुवई, पापणी, आणि तिथून नाकाच्या शेंड्यापर्यंत. हे सगळे उजव्या बाजूला. कपाळाच्या बरोबर मध्यावर तो पट्टा संपत होता, पट्टी ठेवून रेघ मारावी तसा. रेघेच्या डावीकडे स्वच्छ, सुरकुतलेली, नेहमीची कातडी. एकही फोड पलीकडे गेला नव्हता.

हद्दी पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. इतकी सरळ हद्द ओढ्याला नसते, बांधाला नसते. ती कोणीतरी आखलेली असते. मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. चार दिवस एका घरातली सगळी माणसे, त्यात एक पदवीधर, हा चेहरा पाहत होती. लेप लावणारीने तर बोटांनी चाचपला होता. उशीवरचा एक कोळी कपाळाच्या मध्यावर येऊन थांबतो, रेघ ओलांडत नाही, हे त्याला कसे कळते, असे कोणाच्याही मनात आले नाही. सकाळी ‘कशावरून’ विचारणाऱ्या मलाही भाच्याचे उत्तर पुरले होते.

“आजी, नाकाच्या शेंड्यावरचे हे फोड कधी आले?” डॉक्टरबाईंनी विचारले.

“कुणी बघितलं? लेपाखाली हुते.”

“हेच बघायला हवं होतं.” मग त्या आमच्याकडे वळल्या. “शेंड्यावर फोड आले की डोळा धोक्यात आहे असं समजायचं. शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच. ही नागीण आहे.”

“मॅडम, नागीण कमरेला असते,” भाचा म्हणाला. सकाळी तो हे सांगत होता. आता विचारत होता.

“नागीण नसेच्या वाटेनं येते. कमरेतल्या नसेत असेल तर कमरेला, कपाळातल्या नसेत असेल तर कपाळाला. नस शरीराच्या एका बाजूची असते, म्हणून फोड मध्याच्या पलीकडे जात नाहीत. आजींना कांजिण्या झाल्या होत्या?”

“आम्हा दोघांना एकदमच,” मी म्हणालो. “लहानपणी.”

“तेच विषाणू. बरे झालो असं वाटतं, पण ते नसेच्या मुळाशी पडून राहतात. वय झालं की एखाद्या वेळी उठतात. आधी दोन-तीन दिवस ती बाजू दुखते, मग फोड. आजी, आधी डोकं दुखलं होतं का?”

अक्काच्या आधी मीच होय म्हणालो.

“मग उशीवर हुता तो?” तिने विचारले.

“असेल की. घर म्हटलं की कोळी असायचेच. त्यानं तुम्हाला काही केलेलं नाही.”

“मुतला नाय?”

“कोळ्याच्या मुतण्यानं माणसाला फोड येत नाहीत, आजी.”

“बया. मग आमच्यात दरसाल कुणाकुणाला येत्यात ते?”

“काही नागीण असतात. काही एका बारीक किड्यानं होतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येतो, अंगावर चिरडला की त्याच्या रसानं कातडी भाजते. ते आपोआप बरं होतं, आणि लेपाला गुण आला म्हणतात. कोळी चावतो क्वचितच, आणि आपल्या घरांतला कोळी चावला तरी बहुतेक वेळा मुंगी चावल्याएवढंच. पण नाव त्याचं होतं, कारण तो दिसतो.”

त्यांनी डोळ्यात पिवळा थेंब टाकला, खोलीत अंधार केला आणि निळ्या उजेडात यंत्रातून पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

“बुबुळाच्या वरच्या पडद्यावर जखम आहे,” त्या म्हणाल्या. “फांदी फुटावी तशी रेघ आहे.”

“डोळा जाईल?”

“शुक्रवारी पुन्हा बघितल्याशिवाय सांगणार नाही. फोड दिसताच आणलं असतं तर मी निश्चिंत असते. आज तसं म्हणता येत नाही. गोळ्या दिवसातून पाच वेळा, एकही चुकवायची नाही. डोळ्यात मलम. सुई नाही, आजी.”

“नाय?” अक्काचा सूर जरा निराश वाटला.

औषधे लिहिताना बाईंनी विचारले की डोळ्यात गेरूखेरीज आणखी काही गेले आहे का. काही नाही, भाचा म्हणाला. फक्त खोलीत औषध मारले होते.

“कसलं औषध?”

“बागेवर मारतो ते. घरात कोळी राहू नयेत म्हणून. पाठीवरच्या पंपानं आढ्यापर्यंत मारलं. पण आई तेव्हा शेडमध्ये होती. तिच्या अंगावर थेंब नाही उडाला.”

त्यांचे लिहिणे थांबले.

“ती खोली आता बंद आहे?”

“नाही. मुलं झोपतात तिथं. आता कोळी नाहीत ना.”

त्याची मुले मी पाहिली आहेत. धाकटी अजून अंगठा चोखते.

मुले तिथे झोपतात हे त्याने अगदी सहज उच्चारले आणि उच्चारल्यावर स्वतःच ऐकले. त्याचा चेहरा उतरला. बागेत हे औषध मारताना तो नाकातोंडाला फडके बांधतो, हातमोजे घालतो आणि मजुरांना दोन दिवस त्या ओळींत फिरकू देत नाही. डॉक्टरबाई आवाज न चढवता बोलल्या. मुलांना आत्ताच त्या खोलीतून काढा, अंथरुणे बाहेर टाका, खोली दारेखिडक्या उघडून धुऊन घ्या, आणि मुलांना आजच लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्या. कोणते औषध होते ती बाटलीही बरोबर न्या.

व्हरांड्यात येऊन त्याने बायकोला फोन लावला. फोन ठेवून तो माझ्याजवळ आला.

“मामा, बागेत मजुरांना मीच सांगतो. कोळी दिसला तर हात लावू नका, तो फुलकिडे खातो, तो आपला राखणदार आहे.”

“मग घरात?”

“घरातला वेगळा वाटला.”

चारशे पावलांवर बाग आणि इकडे घर. एवढ्या अंतरात एकच प्राणी राखणदाराचा मारेकरी होतो, आणि खऱ्या विषाची बाटली औषध ठरते. त्याने आम्हाला घरी सोडले आणि पायरीवरूनच तो दिंडोरीला परत गेला. दुपारी त्याचा निरोप आला. मुले बरी आहेत, डॉक्टरांनी तपासली, खोली धुणे चालू आहे.

दिवसभर अक्का पडदे ओढलेल्या खोलीत पडून होती. गोळी मी वेळेवर दिली. ती घेताना प्रत्येक वेळी तिने विचारले की ही कशाची, आणि प्रत्येक वेळी मी सांगितले, नागिणीची. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, “तोंडावर नागीण. लोक हसतील.” दुपारी भाजी-भाकरी तिच्या हातात दिली. घास तोंडापर्यंत नीट गेला. ताटातली चटणी मात्र तिला सापडली नाही. मी ताट फिरवून चटणी तिच्या बोटांखाली आणली.

दिवेलागणीला जावेचा फोन आला. तिसरा लेप लावला का, हे विचारायला. अक्काने माझ्याकडे हात पसरला. मी फोन दिला. तिकडचे शब्द मला कळत नव्हते.

“नाय लावला. मोडला लेप… भावानं नाय, मीच मोडला. पाण्यानं धुतला… कोळी नाय गं ते. नागीण… हाय, तोंडावरबी असती. मलाबी आजच कळलं.”

मग ती बराच वेळ ऐकत होती. पलीकडचा आवाज चढलेला समजत होता.

“तुझ्या हाताचं काय करायचं ते तू बघ, बाई,” ती शेवटी म्हणाली. “तुला दोन हायेत. माझा एकच हाय.”

फोन माझ्याकडे देऊन ती उशीला टेकली. दोघींचे लग्न एकाच मांडवात झाले होते. साठ वर्षे एका घरात राहिल्या आहेत.

साडेआठला मलम घालायचे होते. खालची पापणी ओढून आत नखाएवढी रेघ सोडायची, असे दाखवले होते. माझा हात अजून स्थिर आहे. मलम गेल्यावर तिने डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

“काही दिसतं?”

“धुकं. तू हायेस एवढं कळतं.”

मलमाने रात्रभर असेच राहील, सकाळी निवळेल, असे बाईंनी सांगितले होते. मी तिला ते सांगितले.

“शुक्रवारी काय सांगंल ती?”

“जे असेल ते.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून उपयोग नाही.”

“गोड बोलणं तुला कधी जमलंच नाय,” ती म्हणाली. “बायकोनं कसं काढलं तुझ्याबरोबर, देव जाणे.”

ती रात्री दोनदा उठते. खाटेपासून मोरीपर्यंत माझ्या घरात एक वळण आहे आणि एक उंबरा. हाक मार, असे सांगितले असते तर तिने मारली नसती. तिला मी ओळखतो. गॅलरीतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली. एक टोक खाटेजवळच्या खिडकीच्या गजाला बांधले, वळणावर दाराच्या कडीतून घेतले आणि दुसरे टोक मोरीच्या कोयंड्याला. कमरेच्या उंचीला. उंबऱ्यापाशी दोरीला एक मोठी गाठ मारली, म्हणजे हाताला गाठ लागली की पाय उचलायचा. तिला उठवून दोरी धरून एकदा नेऊन आणले.

“मी काय बैल हाय, दावणीला बांधाया?”

“बैल दोरी तोडतो. तू धरून चाल.”

ती झोपल्यावर मी डोळे मिटून त्या दोरीने मोरीपर्यंत गेलो. वळणावर ती सैल पडत होती आणि हात भिंतीला घासत होता. कडीतली दोरी सोडली, चार बोटे आत ओढून घेतली आणि पुन्हा ताणून बांधली.